१९ पायऱ्या आणि सरदार चौक

नमस्कार मंडळी.

आज इथे येताना तुमच्यापैकी बरेच जण लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइननं, बेथनल ग्रीन स्टेशनवरून आले असतील. गाडी तिथे थांबते, दारं उघडतात, मिटतात. मीही कित्येक वर्षं तशीच पुढे जात होते. एकदा उतरून वर गेले, तर बागेच्या कोपऱ्यात सागवानी लाकडाचा उलटा जिना अधांतरी दिसला. आज त्याविषयी बोलणार आहे, आणि मग आपल्या नाशिकविषयी.

३ मार्च १९४३ ची रात्र. हे स्टेशन तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं. गाड्या सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून बॉम्बहल्ल्याच्या वेळी लोक तिथे आसऱ्याला जात. दोनच दिवस आधी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता. जर्मन त्याचं उट्टं काढणार, ही धास्ती प्रत्येक घरात होती. रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा झाला आणि माणसं पोरंबाळं, अंथरुणं घेऊन निघाली. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून विमानविरोधी रॉकेटं सुटली. अस्त्र नवं होतं, तसा आवाज कुणी ऐकला नव्हता. बॉम्बच पडतायत असं वाटून मागची माणसं पुढे रेटली गेली. पायऱ्या पावसानं ओल्या, एकच मिणमिणता दिवा, मधे धरायला कठडा नाही. जिन्याच्या तळाशी मूल घेतलेली एक बाई अडखळली. तिच्यावर मागचा पडला, त्याच्यावर आणखी कुणी. बघता बघता त्या १९ पायऱ्यांत सुमारे ३०० माणसं एकमेकांवर अडकली. १७३ जण गुदमरून गेले. त्यांत ८४ बायका आणि ६२ मुलं होती.

त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

मला सर्वांत जास्त लागलं ते यापुढचं. हे प्रवेशद्वार धोक्याचं आहे, ते सुधारायला हवं, असं स्थानिक कौन्सिलनं १९४१ मध्येच वरच्यांना कळवलं होतं, पैसे मागितले होते. मिळाले नाहीत. दुर्घटनेनंतर मात्र कठडे लगेच बसले. लॉरेन्स डन या मॅजिस्ट्रेटनं चौकशी केली, पण शत्रूच्या हाती आयतं कोलीत नको म्हणून अहवाल दाबून ठेवला आणि जानेवारी १९४५ मध्ये तो बाहेर आला. तोवर ज्यांची माणसं गेली त्यांना उघडपणे बोलायचीही सोय नव्हती. पुष्कळजण पुढे आयुष्यभर बोललेच नाहीत. १९९३ मध्ये जिन्यावर एक छोटी पाटी लागली. वाचलेल्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी वर्गणी जमवत, दारोदार फिरत पूर्ण स्मारक उभं केलं, ते डिसेंबर २०१७ मध्ये. स्मारकाच्या त्या सागवानी जिन्याला १७३ भोकं आहेत, माणशी एक, आणि त्यांतून उजेड खाली येतो. मृतांची नावं कोरली आहेत. एकाच आडनावाची माणसं वाचत गेलं की कुणाचं अख्खं घर गेलं ते कळतं. आणि खरा जिना तिथेच आहे. त्यावरून आजही लोक कामाला जातात.

तिथे उभी असताना मला सरदार चौक आठवला.

मी पंचवटीतली. काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणारी ती अरुंद, उताराची गल्ली नाशिककरांना पायाखालची. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातली पर्वणी, पिठोरी अमावास्या. आया लेकरांसाठी व्रत करतात तो दिवस. साधूंच्या मिरवणुकीसाठी लोक अडवून धरले होते. मिरवणुकीतून नाणी उधळली गेली, ती घ्यायला लोक वाकले, असं तेव्हा सांगण्यात आलं. मागून रेटा आला आणि ३९ भाविक गेले. पुढे चौकशीसाठी रमणी आयोग बसला.

गर्दी बिथरली, असं एकदा म्हटलं की विषय मिटतो. बेथनल ग्रीनलाही तेच म्हणत होते. पण ओला, अंधारा, कठडा नसलेला जिना गर्दीनं बांधला नव्हता. आणि उताराच्या चिंचोळ्या गल्लीत हजारो माणसं कुणी अडवायची, कुठून सोडायची, हेही गर्दी ठरवत नाही. घाटावर आलेली बाई आंघोळीला आली होती, पोरांसाठी काही मागायला आली होती. तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

गेल्या खेपेला नाशिकला गेले तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून उतरले. पूजेच्या साहित्याची दुकानं, हारवाले, रोजची वर्दळ. त्या ३९ जणांची नावं मला कुठे दिसली नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, तर चाळिशीच्या वरच्यांना तो दिवस लख्ख आठवतो आणि कॉलेजातल्या पोरांना माहीतच नाही. हीच पोरं २०२७ च्या पर्वण्यांना स्वयंसेवक म्हणून दोरखंड धरून उभी राहणार आहेत.

म्हणून नाशिक महानगरपालिकेला एक पत्र लिहिलं आहे. सरदार चौकात ३९ नावांची शिळा बसवा, गावासकट नावं लिहा, आणि ती गल्ली त्या दिवशी का तुंबली तेही खाली चार ओळींत लिहा, एवढंच मागणं आहे. मोठ्या शिल्पाची गरज नाही. खर्चाला कमी पडलं तर आपण नाशिककर वर्गणी काढू. इथल्या लोकांनीही वर्गणी काढूनच स्मारक उभं केलं.

मसुदा बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, आणि पटलं तर सही करा. त्या दिवशी तुमच्या घरचं कुणी घाटावर असेल तर जाण्याआधी मला भेटा.