आधी आवाज द्या

श्रोतेहो, नमस्कार.

रानात आपण शांततेसाठी जातो आणि मी आज तुम्हाला ती शांतता मोडायला सांगणार आहे. अस्वलांच्या मुलखातून चालत असाल तर बोलत चला. पुढचं वळण दिसत नसेल, झाडी गच्च असेल, तर खणखणीत हाक द्या. मी प्रत्येक वळणावर देतो. सोबतचे सुरुवातीला अवघडतात, मग तेही देऊ लागतात.

याचं कारण असं, की अस्वल माणसाच्या अंगावर येतं ते बहुतेक वेळा दचकून. दहा-पंधरा पावलांवर अचानक माणूस उभा दिसला, त्यात सोबत पिल्लं असली किंवा पुढ्यात मेलेलं जनावर असलं, तर ते हल्ला करतं. लांबून चाहूल लागली तर बहुधा आपणहून वाट सोडतं. खळाळत्या ओढ्याकाठी तुमचा आवाज बुडतो आणि वारा तोंडावर येत असेल तर तुमचा वास मागेच राहतो. अशा जागी आवाज आणखी वाढवा. सॅकला बांधलेली छोटी घंटा फार लांब ऐकू जात नाही, त्यापेक्षा माणसाचा गळा बरा. आपल्याकडचं काळं अस्वल तर वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असतं, त्याच्या स्वतःच्याच आवाजात त्याला तुम्ही आल्याचं कळत नाही. आणि कानात इअरफोन घालून चालणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे, ते काढा. ते तुमचेही कान बंद करतात.

एकट्यानं जाऊ नका. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत काही वाटांवर, काही मोसमांत किमान चार जणांनी एकत्र चालायची सक्तीच असते. एका ठिकाणी कावळे-गिधाडं घिरट्या घालताना दिसली, कुजका वास आला, तर तिथूनच मागे फिरा. त्या मढ्याचा धनी जवळच असतो.

तरीही गाठ पडलीच, तर पळायचं नाही. अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतं. झाडावर चढणंही कामाचं नाही, बरीच अस्वलं आपल्यापेक्षा सरस चढतात. ते मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्ला करणार असं नव्हे, बहुधा ते वास घेत असतं, नीट बघत असतं. शांत, खालच्या सुरात बोलत, तिरकं तिरकं मागे सरका. कधी ते धावत येतं आणि मध्येच थबकतं. त्या क्षणी पाय रोवून उभं राहणं फार अवघड आहे, पण तेच करायचं.

मिरचीच्या अर्काचा फवारा जिथं वापरायची परवानगी आहे तिथं जरूर बाळगा. अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटना तपासल्या तेव्हा, फवारा हाताशी असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसं इजा न होता सुटली होती. पण तो सॅकच्या तळाशी नको, कमरेला हवा. साधारण आठ-नऊ मीटरवर आल्यावर, थोडा खाली रोखून मारायचा, म्हणजे जनावर त्या ढगात शिरतं. खटका कसा निघतो याचा सराव निघण्याआधीच करा. डासांच्या औषधासारखा तो तंबूवर किंवा अंगावर मात्र मारू नका.

अंगावर आलंच तर? तपकिरी अस्वल किंवा वारूळ फोडणारं आपलं काळं अस्वल असेल, तर उपडे पडा, सॅक पाठीवर राहू द्या, बोटं गुंफून मान झाका, निपचित राहा. अमेरिकेतलं काळं अस्वल असेल तर मिळेल त्यानं मारा, तोंडावर, नाकावर. आणि रात्री तंबूत शिरणारं अस्वल कुठल्याही जातीचं असो, तिथं निपचित पडणं नाही. जिवाच्या आकांतानं लढा.

बिबट्या, वाघ आणि अमेरिकेतलं मोठं रानमांजर प्युमा, यांची गोष्ट वेगळी. ते मागून येतात. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्यांना लहान जनावरासारखा दिसतो. पाठ दाखवू नका, नजर हटवू नका, हात वर करून मोठे दिसा. लेकराला न वाकता उचलून घ्या. १९८६ साली सुंदरबनात लोकांनी डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते, ते याचसाठी.

आता मुक्कामाचं. स्वयंपाक तंबूपासून शंभरएक पावलांवर करा, आणि अन्न बंद डब्यात, तंबूपासून तितकंच लांब ठेवा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीकडे येतं आणि बऱ्याचदा शेवटी त्याला गोळी घालावी लागते. आपल्या एका उघड्या पुड्यापायी ते मरू नये, एवढं मला मनापासून वाटतं. स्वयंपाकाच्या कपड्यांत झोपू नका. साबण, मलम, टूथपेस्ट, सगळं त्याच डब्यात टाका. टूथपेस्ट हमखास तंबूत राहते. झोपण्याआधी एकदा बघा.