पाहुणे मुंबईला निघताना

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईला जायचं ठरलं की घरात पहिली धावपळ रिझर्वेशनची. ते कन्फर्म झालं की सगळे निश्चिंत. पण रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरणं हा सोपा भाग आहे. खरी परीक्षा त्यापुढच्या दहा-पंधरा किलोमीटरची. म्हणून आज मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. लाईन कुठली? पूर्व की पश्चिम? स्लो की फास्ट? लाईन, बाजू, गाडी. इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर, ते सगळं नंतर.

लाईन म्हणजे मध्य, पश्चिम की हार्बर. मध्य आणि पश्चिम दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. बाजू म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडायचं की पश्चिमेला. गाडी म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी स्लो लोकल, की मधली स्टेशनं सोडून जाणारी फास्ट. आणि तुमची लांब पल्ल्याची गाडी कुठे थांबते तेही तिकिटावर नीट वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याला आहे असं सगळे सांगतात, पण लोकल पकडायला जवळ पडतं ते हार्बरवरचं टिळकनगर. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकलचं स्टेशन हीही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

इथे मनातलं एक बोलते. हल्ली पाहुण्याला फोनवर लोकेशन पाठवतात आणि घरात बसून राहतात. याला मी पाहुणचार म्हणत नाही. माणूस रात्रभर प्रवास करून येतोय, हातात पिशव्या आहेत, बरोबर म्हातारं माणूस आहे. मुंबईकरांनो, निदान आपल्या स्टेशनच्या पुलापर्यंत तरी या.

आता मावशीची गोष्ट. ही मी कुठेही सांगते, आज तुम्हालाही सांगते.

माझी मावशी परभणीची. काकांना परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखल केलं होतं, म्हणून ती आमच्याकडे विद्याविहारला राहायला आली होती. रोज परळ ते विद्याविहार. परळला फास्ट गाडी थांबतच नाही, त्यामुळे येईल ती गाडी आपली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. एका मंगळवारी काकांचा रिपोर्ट चांगला आला. मावशी आनंदाने एकटीच सिद्धिविनायकाला गेली आणि येताना दादरला आली. संध्याकाळची सहाची वेळ. मध्य रेल्वेच्या फलाटावर समोर गाडी लागली, कल्याण फास्ट. लेडीज डब्याची गर्दी तिला घेऊनच आत शिरली.

आत कुणीतरी सरकून तिघींच्या बाकावर तिला चौथी सीट दिली. समोरच्या बाई मांडीवर पिशवी घेऊन गवार निवडत होत्या. मावशी रिकामी बसणाऱ्यातली नाही. तिनेही मूठभर शेंगा ओढून घेतल्या, दोन्ही टोकं मोडून शीर काढायला लागली. आणि मग विचारलं, "इद्याविहार यायला किती येळ लागंल हो?"

गवार थांबली. "मावशी, ही फास्ट आहे. विद्याविहारला नाही थांबत."

माझी मावशी घाबरली. कुर्ल्याला उतरते म्हणाली आणि उठलीच. त्या बाईंनी हात धरून तिला खाली बसवलं. कारण ऐका, शिकण्यासारखं आहे. संध्याकाळी कुर्ल्याला दारापर्यंत पोचणंच मुश्कील, आणि उतरलीच असती तरी पुढच्या स्लो गाडीत तिला चढता आलं नसतं. त्यापेक्षा एक स्टेशन पुढे घाटकोपरला जायचं आणि उलट्या दिशेची सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी, स्लो पकडायची. संध्याकाळी त्या बाजूच्या गाड्यांना एवढी गर्दी नसते. सकाळी याच्या उलट.

मग अख्खा डबा कामाला लागला. एकीने मावशीच्या साध्या फोनमधून मला फोन लावला. म्हणाली, "ताई, तुमच्या मावशी आमच्याकडे आहेत, काळजी करू नका. विद्याविहारला पूर्वेला राहता की पश्चिमेला?" मी उत्तर देणार तोवर फोन कटला. मग डब्यात चौकशी सुरू. मावशीला पूर्व-पश्चिम माहीत नाही. ती म्हणाली, "बाहेर आलं की कॉलेजची पोरंच पोरं दिसतात." चौघी एकदम बोलल्या, "सोमय्या! म्हणजे पूर्व." लगेच मला दुसरा फोन: "पूर्वेच्या जिन्यापाशी उभ्या राहा."

घाटकोपरला उतरणारी नर्सिंगची एक पोरगी होती. तिच्यावर मावशी सोपवली गेली. तिने आधीच मावशीला दाराच्या बाजूला आणून उभं केलं, पुलावरून नेलं. मावशीचं तिकीट विद्याविहारपर्यंतचंच होतं, म्हणून मशीनमधून पाच रुपयांचं नवं तिकीट काढून दिलं, स्लो गाडीच्या लेडीज डब्यात बसवलं आणि शेजारच्या बाईला बजावलं, "पुढचंच स्टेशन, यांना उतरवा." मावशीने तिच्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला. गवारवाल्या बाईंचा लाडू तर डब्यातच देऊन झाला होता.

मी जिन्यापाशी उभी होते. मावशी हसत हसत उतरली आणि पहिलं वाक्य काय, तर "अर्धा किलो गवार निवडून आले बग!"

मुंबई माणूसघाणी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळच्या लेडीज डब्यातून एकदा प्रवास करावा. अर्थात बायकांनीच. मुंबईत विचारायला लाजू नका. पण नेमकं विचारा. "ही गाडी कुठे जाते?" असं विचारू नका. "ही विद्याविहारला थांबते का?" असं विचारा. आणि चढण्याआधी विचारा. लाईन, बाजू, गाडी.

बाकीचं भराभर सांगते. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं 31. मीटर टाकायला सांगा. एसी लोकलमध्ये साधं तिकीट चालत नाही, तिचं तिकीट वेगळं. बेस्टच्या बसनेही जरूर फिरा. जुन्या डबल डेकर 2023 मध्ये बंद झाल्या. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून मुंबई पाहण्याचं सुख माझ्या भाचरांना मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. एसी डबल डेकर आहेत, पण त्या काचेतून वारा येत नाही.

भुयारी मेट्रो 3 आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. विमानतळ, सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी सगळं एका लाईनवर. सामान असेल, बरोबर वयस्कर माणूस असेल, तर पैसे थोडे जास्त जातील पण हीच घ्या.

उपचारासाठी येणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना बसता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा आणि संकोच करू नका.

आणि जे बऱ्याच वर्षांनी येताहेत त्यांनी दादरला सांभाळा. डिसेंबर 2023 पासून तिथल्या फलाटांचे नंबर बदललेत. 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे, 8 ते 14 मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीने दादर मध्यचा एक नंबर शोधाल, तर तो आता आठ आहे.

नमस्कार.