दिव्याशिवाय न वाळणारी शाई

ऑफसेट छापखान्यात फॉर्म, म्हणजे पानांचा मोठा ताव, छापून झाला. आता ब्लँकेट, म्हणजे शाई कागदावर उतरवणारं रबरी आवरण, पुसायचंय. मशीनमनच्या हातात वॉशने, म्हणजे शाई विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने, भिजलेलं फडकं आहे आणि बोटांना शाई लागलेली. ब्लँकेट झालं की तेच फडकं तो बोटांवरून फिरवतो. डाग निघतो, सोबत कातडीचं तेलही. दिवसातून पाच-सात वेळा असं झालं की बोटांच्या बेचक्यांत कातडी कोरडी पडते, मग चिरते. ही अजून ॲलर्जी नव्हे. सॉल्व्हंट थांबलं की काही आठवड्यांत भरून येते. तोवर मात्र त्या चिरांतून बाकीची रसायनं सहज आत जातात.

त्यांतलं सगळ्यात त्रासदायक म्हणजे यूव्ही (अतिनील) शाईतलं ॲक्रिलेट, ती शाई घट्ट करणारं रसायन. साधी ऑफसेट शाई कागदात मुरते, हवेने वाळते. यूव्ही शाई फक्त अतिनील दिव्याखाली घट्ट होते. डब्याच्या काठावर, पान्याच्या मुठीवर, कन्सोलच्या बटणांवर ती दिवसेंदिवस ओलीच राहते. त्यामुळे कधीकधी पापण्या सुजतात त्या शाईला हातही न लावणाऱ्या माणसाच्या.

ॲलर्जी जडायला काही आठवडे लागतात, कधी वर्षं. एकदा जडली की संपर्कानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज आणि बारीक फोड येतात. शुक्रवारी शाई लागते, खाज रविवारी सुटते आणि दोष घरच्या साबणावर जातो! ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. दातांत भरायच्या मिश्रणात आणि जेल नेलपॉलिशमध्येही ॲक्रिलेट असतं, तेव्हा दंतवैद्यालाही सांगून ठेवावं.

निदानासाठी पॅच टेस्ट. पाठीवर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या 48 तास ठेवतात; काढल्यावर एकदा पाहतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी. नेहमीच्या संचात छपाईतली सगळी ॲक्रिलेट नसतात, म्हणून शाई, वार्निश आणि वॉशची सुरक्षा माहितीपत्रकं डॉक्टरांकडे न्यावीत.

हातमोज्यांवर फार विसंबू नका. लेटेक्स आणि व्हिनाइलमधून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जातं. पातळ नायट्राइल थोडा वेळ मिळवून देतं, इतकंच. शाई लागताच बदलायचं, नाहीतर दर 15 ते 30 मिनिटांनी. आतून शाई लागलेला मोजा तर उघड्या हातापेक्षा वाईट, कारण तो शाई घामट कातडीवर दाबून धरतो.

हाताला शाई लागलीच तर आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि कोमट पाणी. थिनर नको, घासणंही नको. कपड्यांवर सांडली तर कपडे तिथेच बदला. चामड्याचा बूट किंवा घड्याळाचा पट्टा शाईने भिजला असेल तर तो धुण्यात अर्थ नाही, टाकूनच द्यावा लागतो.