चोच कुणाचीच बदलली नाही

समुद्रातून वर आलेला एक काळपट खडक डोळ्यांसमोर आणा, ते डॅफ्नी मेजर. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातलं एक बेट, खरं तर जुन्या ज्वालामुखीचं टोकच. आकार अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही, वर माणूस राहत नाही, प्यायला गोडं पाणी नाही, उतरायला धड किनारा नाही, म्हणजे होडी हलत असताना खडकावर पाय टेकवायचा आणि वर चढायचं. 1973 साली पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ नवराबायको इथे आले आणि पुढची जवळपास 40 वर्षं येतच राहिले. कशासाठी, तर चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजायला!

पक्षी जाळ्यात धरायचा, पायात कडं घालायचं, चोचीची लांबी, जाडी, पक्ष्याचं वजन वहीत टिपायचं आणि सोडून द्यायचा. मग पुढचा. कोणाची जोडी कोणाशी जमली, पिल्लं किती झाली, त्यातली जगली किती, सगळं लिहायचं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विन 1835 मध्ये गॅलापागोसला येऊन गेला तो फक्त पाच आठवडे, आणि त्याचं म्हणणं असं की सजीवांत पिढ्यानपिढ्या होणारे बदल इतके सावकाश होतात की होताना आपल्याला दिसणारच नाहीत. बाकी जवळजवळ सगळं बरोबर सांगणारा माणूस इथे मात्र जरा चुकला.

कारण 1977 साली डॅफ्नीवर पाऊसच पडला नाही. म्हणजे पडला, पण अख्ख्या हंगामात 24 मिलिमीटर. गवत वाळलं, झुडपं वाळली, बारीक मऊ बिया पक्ष्यांनी आधीच खाऊन संपवल्या. मागे उरलं काय, तर सराट्याच्या जातीतलं एक काटेरी, दगडासारखं टणक फळ. ते फोडायला जाड चोच लागते. ज्यांची चोच जरा बारीक ते आधी त्या फळाशी झटले, मग नाद सोडला, मग मेले. मध्यम भू-फिंच नावाच्या प्रजातीतले 100 पैकी 85 पक्षी गेले. उरलेल्यांच्या चोची मोजल्या तर सरासरी जाडी आधीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर जास्त.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात, शाळेत मीही घसरलो होतो. आपल्याला वाटतं की दुष्काळ पडला, गरज निर्माण झाली म्हणून पक्ष्यांनी चोच जाड करून घेतली. अजिबात नाही. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. जाड चोचवाले आधीपासूनच तिथे होते, बारीक चोचवालेही होते, दुष्काळाने फक्त कोण राहणार ते ठरवलं. बदलली ती सरासरी.

पण हे एवढ्यावर थांबलं असतं तर तो नुसता एक वाईट दुष्काळ ठरला असता. खरी गंमत पुढच्या वर्षी. 1978 मध्ये पाऊस झाला, वाचलेल्यांना पिल्लं झाली आणि त्या पिल्लांच्या चोचीही दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा जाड निघाल्या, कारण चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत उतरते. ही झाली नैसर्गिक निवड. आणि मुळात चोचीत फरक येतो कुठून? डीएनएची कॉपी होताना अधूनमधून चुका होतात, शिवाय दर पिल्लात आईबापांच्या जनुकांचे पत्ते नव्याने पिसले जातात. त्या चुकांना पुढे दुष्काळ येणार की पूर, काही माहीत नसतं.

आणि पूर आलाच. 1983 च्या एल निनोमध्ये, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, इतका पाऊस झाला की बेट हिरवंगार झालं, वेलींनी सराटे झाकून टाकले, बारीक बियांचा सडा पडला. त्यानंतर पुन्हा कोरडं पडलं तेव्हा टिकले ते लहान चोचवाले! म्हणजे "सर्वात बलवान तोच जगतो" वगैरे जे आपण ऐकतो ते विसरा, जी चोच 1977 मध्ये वाचवते तीच काही वर्षांनी अडचण होते.

हे सगळं ठीक, पण शेवटी पक्षी त्याच जातीचा राहिला ना? नवी प्रजाती कशी होते?

त्याला आधी वेगळं पडावं लागतं. एका जातीचे दोन गट, मध्ये समुद्र नाहीतर डोंगर, आपापसात पिल्लं होणं बंद, मग दोन्हीकडच्या चुका, दोन्हीकडचे दुष्काळ वेगवेगळे साठत जातात, आणि हजारो-लाखो वर्षांनी दोघं समोरासमोर आले तरी जोडी जमत नाही. किंवा जमते पण संतती पुढे चालत नाही, घोडा आणि गाढवाचं खेचर होतं तसं. फिंचचं प्रकरण जरा वेगळं, त्यांच्यातल्या बऱ्याच जातींचा संकर होऊ शकतो, फक्त सहसा होत नाही, कारण मध्ये गाणं येतं. नर पिल्लू बापाचं गाणं ऐकून शिकतं, मादी साधारण आपल्या बापाच्या धर्तीवर गाणारा नर निवडते.

1981 मध्ये डॅफ्नीवर एक अनोळखी नर उतरला. थोराड अंग, मोठी चोच, भलतंच गाणं. कड्याचा नंबर 5110. पुढे डीएनएवरून कळलं की हा 100 किलोमीटरहून लांबच्या एस्पान्योला बेटावरून आलेला. परतीची वाट काही त्याने धरली नाही, इथल्याच मध्यम भू-फिंच मादीशी त्याची जोडी जमली. पिल्लं बापासारखी थोराड, गाणंही बापाचंच. इथल्या माद्यांना ते गाणं आपलं वाटेना, मग दोन-तीन पिढ्यांतच हे घराणं आपसातच जोड्या जमवायला लागलं. मध्ये ना समुद्र ना डोंगर, त्याच झुडपात शेजारी घरटी, तरी व्यवहार बंद.

2003 ते 2005 च्या दुष्काळात या घराण्यातले फक्त दोन पक्षी वाचले, एक भाऊ आणि एक बहीण. मला वाटलं होतं गोष्ट इथेच संपणार. पण पाऊस आला, त्या दोघांचीच जोडी झाली आणि वंश परत वाढला, पुढे साधारण 30 पक्षी झाले. याला प्रजाती म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, 30 पक्षी म्हणजे एखादा दुष्काळ पुरे. ग्रँट दांपत्य त्यांना नुसतं "बिग बर्ड" म्हणतं.