एमबीएच्या एंट्रन्सचा अभ्यास कधी सुरू करायचा? सीमाभागातल्या मुलांसाठी

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी डिग्री होऊ दे सर, मग कॅटचं बघतो." आजचा व्हिडिओ या वाक्यासाठीच आहे.

जरा तारखा बघूया. कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या नामवंत मॅनेजमेंट संस्थांची एमबीए प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होते. 2023 ला 26 तारखेला झाली, 2024 ला 24 ला, 2025 ला 30 ला, तिन्ही वेळा रविवारी. तीन वर्षांची डिग्री संपल्याबरोबर आयआयएममध्ये जायचं असेल, तर परीक्षा द्यावी लागते शेवटच्या वर्षाच्या नोव्हेंबरात. म्हणजे तुम्ही पाचव्या सेमिस्टरला असताना. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज करता येतो, अडचण काहीच नाही. पण डिग्रीच्या निकालाची वाट बघत बसलात, तर एक अख्खं वर्ष हातचं गेलं.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. बी.कॉम., बी.एस्सी., बीबीएवाल्यांनी चौथ्या सेमिस्टरला, जानेवारी-फेब्रुवारीत गणित आणि लॉजिक सुरू करायचं. इंजिनिअरिंगवाल्यांनी सहाव्या सेमिस्टरला. आणि इंग्रजी वाचन? ते आजपासून. तुम्ही पहिल्या वर्षाला असाल तरी आजपासूनच.

वाचनावर मी एवढा अडून का बसतोय, ते सांगतो.

आपल्यातली बरीच मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजीत येतं. पुस्तकातलं इंग्रजी कसंबसं जमवता येतं, कारण विषय ओळखीचा असतो. कॅटमध्ये तसं नसतं. तिथला उतारा तत्त्वज्ञानावर असेल, पर्यावरणावर असेल, नाहीतर कुठल्यातरी देशाच्या अर्थव्यवस्थेवर. 2024 च्या पेपरात 68 प्रश्न होते, त्यातले 24 भाषेचे, आणि त्या 24 पैकी 16 फक्त उताऱ्यांवरचे. वेळ 40 मिनिटं. गणित लवकर संपवून तिकडची मिनिटं इकडे आणू म्हणाल तर तसंही चालत नाही, कारण प्रत्येक विभागाला स्वतःची 40 मिनिटं असतात, बरोबर मोजून.

गणिताचं बघा. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती. बराचसा पाया दहावीपर्यंतचाच. पीयूसीला कॉमर्स घेऊन गणित सोडलेली मुलं घाबरतात, पण आठ-नऊ महिने नेटानं केलं तर हे सावरता येतं. वाचनाचा वेग मात्र आठ महिन्यांत ओढून आणता येत नाही. तो रोज थोडा थोडा वाढतो. मराठी माध्यमाच्या मुलांची बुद्धी कुठेच कमी नाही, त्यांना सवयीला वेळ कमी मिळालेला असतो. तो वेळ लवकर सुरुवात करून स्वतःच काढायचा.

रोज अर्धा तास द्या. एक इंग्रजी अग्रलेख वाचा, पेपर मिटून ठेवा आणि लेखकाचं म्हणणं काय, ते दोन ओळीत लिहा. त्या दोन ओळी मराठीत लिहिल्या तरी चालतील. घरी तरुण भारत येत असेल तर त्याचा अग्रलेखही असाच वाचा. लेखक कुठे पुरावा देतो, कुठे नुसतं मत मांडतो, हे ओळखायची नजर तयार झाली की ती इंग्रजीतही उपयोगी पडते.

डेटा आणि लॉजिकचं थोडक्यात सांगतो: रोज दोन सेट, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे दोन गट, घड्याळ लावून. मॉक टेस्ट जुलैपासून. टेस्ट दोन तासांची असेल, तर चुका तपासायला तीन तास काढा.

आता आपल्याकडचं वर्ष कसं जातं तेही धरा. कॅटचा अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरायचा असतो, आणि त्याच सुमारास गणपती. नोव्हेंबरात भाताची सुगी. खानापूर, येळ्ळूरकडच्या घरांत त्या दिवसांत प्रत्येक हात लागतो. मुलगा असो वा मुलगी, शेतावर जावंच लागतं आणि ते योग्यच आहे. म्हणून नवीन काही शिकायचं ते ऑक्टोबरपर्यंत उरकून ठेवा. सुगीत फक्त उजळणी ठेवा. आणि आई-बाबांना परीक्षेची तारीख आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या आठवड्यात तुम्हाला मोकळं सोडतील.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. ओबीसी असाल तर राज्याचा दाखला आयआयएमला पुरत नाही. केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का ते बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा.

फक्त कॅटवर मात्र बसू नका. महाराष्ट्राची एमबीए सीईटी आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम ही उत्तम कॉलेजं तिच्यातून मिळतात. आणि सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. त्यासाठी गावच्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. माहितीपुस्तिकेतला नमुना बघून तो वेळेत काढा. शेवटच्या आठवड्यात शाळेत आणि ऑफिसात खेटे घालायची वेळ आणू नका. ही सीईटी वेगाची आहे: 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटला चार पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की एक गुण जातो. म्हणून कॅट झाली की डिसेंबरपासून सीईटीसाठी वेगाचा वेगळा सराव करा.

कर्नाटकातच राहायचं असेल तर पीजीसीईटी ही तिथली प्रवेश परीक्षा आहे. ती केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, घेतं. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठही इथलंच. घराजवळ राहून एमबीए करणं कमीपणाचं मानू नका.

शेवटच्या वर्षाला आहात, जून उजाडलाय आणि अजून काहीच केलेलं नाही, असं असेल तर? तरीही कॅटचा अर्ज भरा आणि परीक्षा द्या, पण जोर सीईटीवर ठेवा. ती साधारण मार्च-एप्रिलमध्ये येते, म्हणजे तुमच्या हातात अजून नऊ महिने आहेत.