तागालोगमधलं 'आम्ही' आणि 'आपण'

श्रोतेहो, नमस्कार.

तागालोग ही फिलिपाइन्समधली भाषा. तिथल्या राजधानीत, मनिलात, एखाद्या घरी ऐन जेवणाच्या वेळी गेलात, तर तुम्हाला ऐकू येईल, 'काइन तायो'. चला, आपण जेवू या. आणि घरच्यांचं आधीच उरकलं असेल, तर म्हणतील, 'कुमाइन ना कामी'. आम्ही जेवलो.

पहिल्या वाक्यात 'तायो', दुसऱ्यात 'कामी'. इंग्रजीत दोन्हीकडे 'वी', हिंदीत 'हम'. त्यामुळे इंग्रजीतून तागालोग शिकणारा इथे हमखास अडखळतो. मराठी माणसाला मात्र हा फरक लहानपणीच कळलेला असतो. ऐकणाऱ्याला धरून बोललं की आपण, त्याला वगळून बोललं की आम्ही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही सर्वनामं इंग्रजी तक्त्यावरून घोकू नका, मराठी कानांनी ऐका.

फिलिपाइन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. त्यांची रोजची प्रार्थना सुरू होते, 'आमा नामिन'. आमा म्हणजे बाप, नामिन म्हणजे आमचा. 'आपला' यासाठी 'नातिन' हा शब्द आहे, पण तो इथे चालत नाही. बोलणं थेट देवाशी आहे ना! 'आपला बाप' म्हटलं तर देवही लेकरांच्या रांगेत येऊन बसेल. मराठी प्रार्थनेतही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असंच म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकच बारकावा सांभाळलेला पाहिला की मला फार आनंद होतो.

तो आणि ती, दोघांनाही तिथे एकच शब्द, 'सिया'. लिंगभेदाची कटकटच नाही.

मान देण्याची रीत मात्र ओळखीची वाटेल. मित्राला 'का', म्हणजे तू. वडीलधारी व्यक्ती एकटी असली तरी 'कायो', म्हणजे तुम्ही, आणि जोडीला आदराचा 'पो'. दारात अनोळखी माणूस आला तर आणखी अदबीनं विचारतात, 'सिनो पो सिला?' शब्दशः 'ते कोण?', पण अर्थ मात्र 'आपण कोण?'

आता एकच शब्द, माझा सर्वांत आवडता. 'माहाल किता', माझं तुझ्यावर प्रेम आहे. या 'किता'त मी आणि तू दोघंही आहोत, आणि प्रेमाची दिशाही ठरलेली आहे, माझ्याकडून तुझ्याकडे. उलट सांगायचं तर 'माहाल मो आको', तुझं माझ्यावर प्रेम आहे; तिथे दोन शब्द सुटे होतात. हा 'किता' मुळात जुना शब्द आहे, आणि त्याचा अर्थ होता 'आपण'.




नमस्कार.