पीसी जोडला, बटण दाबलं, ढिम्म हलत नाही? आधी रॅम काढा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ खरं तर ठरलेला नव्हता. पण गेल्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्या आणि कॅमेरा लावूनच बसलो. प्रश्न बहुतेकांचा एकच : "दादा, नवीन पीसी असेंबल केला, सुरूच होत नाही, मदरबोर्ड उडाला का?" बस, एवढंच. पंखा फिरतो का, दिवा लागतो का, रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, कुठली, काही नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणायचं आणि पुढे गप्प बसायचं, तसं झालं हे.

"सुरू होत नाही" यात तीन वेगळे आजार असतात. एक, पूर्ण मेलेला : पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. दोन, पंखे गरगर फिरतायत, दिवे झगमगतायत, पण स्क्रीन काळी. तीन, दोन सेकंद सुरू, मग बंद, मग परत सुरू. तुमचा कुठला, ते आधी ठरवा.

पूर्ण मेलेल्याचं पटकन उरकतो. भिंतीवरचं बटण. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, मागचं बटण, शून्याची बाजू दाबलेली असेल तर बंद, उभ्या रेघेची असेल तर चालू. हसू नका, मीही यात फसलोय. २४ पिनचं मोठं कनेक्टर खट्कन बसेपर्यंत दाबा. प्रोसेसरचं ८ पिनचं कनेक्टर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लपलेलं असतं, ते विसरलात तर पंखे फिरतील पण गाडी पुढे जाणार नाही. आणि कॅबिनेटच्या बटणाची ती बारीक वायर! मॅन्युअल उघडून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर बोर्ड ठणठणीत आहे, बटण किंवा त्याची वायर चुकलीय. बटणाच्या वायरला उलटसुलट काही नसतं. दिव्याच्या वायरला असतं.

इथे एक राग काढून घेतो. एका प्रेक्षकाने लिहिलंय, "जुन्या एसएमपीएसच्या केबल चांगल्या होत्या, त्याच नव्याला लावल्या." अहो, नका हो असं करू! मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलचं बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर काय, याचं काही प्रमाण नाही. प्लग छान बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. हार्ड डिस्क गेली, एसएसडी गेली. एसएमपीएस बदलला की केबल त्याच्याच. तसंच, प्रोसेसरची केबल ४ अधिक ४, ग्राफिक कार्डाची ६ अधिक २. दिसायला जुळ्या बहिणी, आतली वायरिंग उलटी. जोर लावावा लागला की थांबायचं.

आता उरलेले दोन आजार, आणि खरा विषय. रॅम.

"दादा, रॅम बघितली, बरोबर आहे." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता वाचलं की हसूच येतं. कशी बघितली? तर डोळ्यांनी. रॅम बघून कळत नाही हो.

जवळ या, दाखवतो. [कॅमेरा बोर्डाजवळ] बऱ्याच बोर्डांवर आता लॉक एकाच बाजूला असतं, वरच्या. खालच्या बाजूला नुसती खोबण. तुम्ही वरून दाबता, लॉक खट् वाजतं, तुम्ही खूश. खालचं टोक मात्र एखादा मिलिमीटर वर राहिलेलं. ही बघा ही सोनेरी रेघ, इकडे दिसतच नाही आणि तिकडे केसाएवढी डोकावतेय. एवढंच बास आहे. रॅम डीडीआर४ पिढीची असो वा नंतरच्या डीडीआर५ची, पट्टीला २८८ पिना असतात, आणि त्यातल्या काही टेकल्या नाहीत की खेळ खलास. वर गंमत अशी, की बोर्ड आधी रॅम जागी करतो आणि मगच स्क्रीनवर काही दाखवतो. त्यामुळे "रॅम नीट बसली नाही" असा मेसेज कुठे येणारच नाही. काळी स्क्रीन, आणि तुम्ही ग्राफिक कार्डाला शिव्या घालताय.

मी स्वतः एकदा रात्री साडेअकरापासून अडीचपर्यंत बसलोय. प्रोसेसर काढला, पेस्ट पुसली, परत लावली, परत काढला. ग्राफिक कार्ड तीनदा. शेवटी बहीण पाणी प्यायला उठली, डोकावली आणि म्हणाली, "दादा, ही पट्टी तिरकी आहे का रे?" अंगठ्याने दाबली. खट्. सुरू. ती झोपायला गेली, मी तसाच बसून राहिलो.

दुसरी गोष्ट, स्लॉट. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. बोर्डावर ए२ आणि बी२ छापलेलं असतं. एकच पट्टी असेल तर ए२. लोक हटकून पहिल्यात घालतात, कारण पहिला म्हणजे पहिला! मग म्हणतात पट्टी खराब.

आणि "रॅम बघितली" म्हणजे काय, ते ऐका. वीज बंद. दोन्ही पट्ट्या बाहेर. एक पट्टी ए२ मध्ये, दोन्ही टोकांना अंगठे, सरळ खाली. सुरू करून बघा. नाही? दुसरी पट्टी त्याच जागी. तरी नाही? मग स्लॉट बदला. एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम हलवल्यात तर सुरू झाला तरी कशाने झाला ते कळणार नाही.

आता डीडीआर५वाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे पट्टीशी सिग्नलचं गणित जुळवून घेतो. त्यात मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ स्क्रीन काळी. एकाने लिहिलं, "तीस सेकंद वाट बघतो आणि बंद करतो, असं दहा वेळा केलं." अरे बाबा, दहाही वेळा ते बिचारं पहिल्यापासून सुरू करत होतं! बटण दाबा आणि दहा मिनिटं हात मागे बांधून बसा.

बोर्डावर चार छोटे दिवे असतील तर तेही बघा : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट (विंडोज सुरू होणं). डीरॅमवर अडकला तर वरचं सगळं परत ऐका. बूटवर अडकला तर आनंद माना, हार्डवेअर बहुधा पास झालंय, विंडोज सापडत नाहीये एवढंच. व्हीजीए असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय? बोर्डाला? ग्राफिक कार्डाला लावा. इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, किंवा एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतला, नावात जी नसलेला प्रोसेसर असेल, तर बोर्डाच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. सीपीयूचा दिवा असेल तर ते ८ पिन, सॉकेटमधली वाकलेली पिन, नाहीतर जुना बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. बी४५० बोर्डावर रायझन ५००० लावलात आणि बायोस जुना असेल तर प्रोसेसर ओळखलाच जात नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकची सोय असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो.

तरी नाहीच? केबल उपसा, ती सीआर२०३२ची गोल बॅटरी काढा, पाच मिनिटांनी परत लावा. बायोसचं सेटिंग मूळपदावर येतं. डीडीआर५वाल्यांनो, ट्रेनिंग परत होणार, लक्षात असू द्या.

शेवटचा उपाय, बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. पिशवीवर नको, त्या चंदेरी पिशवीतून थोडीफार वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक पट्टी, बास. प्रोसेसरला स्वतःचं चित्र नसेल तर ग्राफिक कार्डही. बाहेर सुरू झाला तर बहुधा कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर कसतात तो खुंटा) जास्तीचा राहिलाय, तो मागून शॉर्ट करतोय.

एसएमपीएस तपासायची पेपरक्लिपची चाचणी पण विचारलीय. २४ पिनमधली १६वी, म्हणजे पीएस-ऑन (चालू करायची पिन), शेजारच्या १७व्या ग्राउंडला जोडायची. जुन्या रंगीत वायरींमध्ये हिरवी आणि काळी. पंखा फिरला तर एसएमपीएस अगदीच मेलेला नाही एवढंच कळतं. लोड आल्यावर तग धरेल का, ते नाही कळत. आणि एसएमपीएस उघडायचा नाही. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

आता कमेंट करताना लिहा : तीनपैकी कुठला आजार, कुठला दिवा अडकलाय, रॅम कुठल्या स्लॉटमध्ये. आणि "रॅम बघितली" लिहिलंत तर मी विचारणार, काढून बघितली की नुसती बघितली?